टिकलीचा गोंद

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाताई रोज लावतात, त्याच टिकलीचा गोंद आज आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आला होता. बशीतल्या त्वचेच्या पेशींवर तो घालायचा. यंत्राला त्या उजळलेल्या दिसल्या, तर त्याची ॲलर्जी होऊ शकते.

"पहिल्यांदा त्वचा काही बोलत नाही हो," ताई म्हणाल्या, "नुसतं लक्षात ठेवते."

किती गोष्टी आपण बिनघोर अंगाला लावतो, आणि आत मुकाट्याने डूख धरला जात असतो!

दुपारी पेशी उजळल्या. ताईंनी सवयीने टिकली आरशाला चिकटवून तोंड धुतलं. कपाळावर टिकलीएवढाच फिकट, गोल डाग होता. त्यांनी तो बोटाने चाचपला आणि झाकायला तीच टिकली पुन्हा लावली.