सांता बेनिन्याची बहीण

सुलभाताई वाकणकरांना गोष्ट आहे तशी सांगताच येत नसे. दुकानात दूध संपलं होतं एवढं सांगायलाही त्या दहा मिनिटं घेत, आणि ऐकणारा चहा विसरून पुढे काय झालं ते विचारत बसे. वडील वर्ध्याचे कीर्तनकार. लहानपणी सुलभाताई झांजा घेऊन त्यांच्या मागे उभ्या राहायच्या. पुढे अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला, तोही आख्यान लावल्यासारखा. यजमान गेल्यावर २००१ साली त्या मुलाकडे, शंतनूकडे, अमेरिकेत श्रूजबरीला राहायला आल्या. इथे ऐकायला कोणी नाही, या एका गोष्टीनं त्या पहिली दोन वर्षं आजारी असल्यासारख्या होत्या.

२००५च्या सप्टेंबरात शंतनूनं त्यांना इटलीला नेलं. रोम दाखवून आणावं एवढाच त्याचा बेत होता. पण वाटेत डोंगराच्या टोकावरचं एक जुनं गाव दिसलं आणि बाईंनी गाडी थांबवायला लावली. मग काय, थांबल्याच नाहीत. प्रत्येक गावाला दगडी तट, तटाच्या आत छातीवर येणारी चढण, आणि चढ संपला की आठशे वर्षांपूर्वीचं चर्च. आठ दिवसांत अशी नऊ गावं पालथी घातली. शंतनू पायऱ्यांवर बसून पिंढऱ्या दाबायचा आणि सुलभाताई आत भिंतीवरच्या चित्रांपुढे उभ्या राहून तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराला खुणांनी विचारायच्या, हिच्या हातात घागर का, याच्या पायाशी कुत्रा कुणाचा.

घागरवाली होती रोक्कासेल्वा नावाच्या गावची. सांता बेनिन्या, म्हणजे संत बेनिन्या. रखवालदारानं तिची गोष्ट मोडक्या इंग्रजीत चार वाक्यांत सांगितली. गावाला वेढा पडला, विहीर आटली. पाणी भरणाऱ्या बेनिन्यानं तीन दिवस वेदीपुढे प्रार्थना केली. वेदीखाली झरा फुटला. त्याच दिवशी ती गेली. वेदीमागे लोखंडी जाळीखाली ती विहीर अजून आहे. सुलभाताईंनी जाळीला गाल लावला तेव्हा खालून गार हवा आली.

पुढच्या मार्चमध्ये त्यांनी श्रूजबरीच्या लायब्ररीत या गावांवर बोलायचं कबूल केलं. पडद्यावर फोटो, समोर चाळीसेक माणसं, बहुतेक निवृत्त. सहा गावं नीट पार पडली. सातव्या गावाला दोघातिघांनी घड्याळं पाहिली. ती घड्याळं सुलभाताईंना दिसली आणि पडद्यावर बेनिन्या आली, तेव्हा त्यांच्या तोंडून पदरचं निघालं. बेनिन्याला म्हणे एक बहीण होती. भांडण करून गाव सोडून गेलेली. झरा फुटला खरा, पण दोर एकटीला ओढवेना. आणि वेदीमागून आवाज आला, निघून गेली तिनं आधी परत यावं. मग ती बहीण वेढ्यातून वाट काढत, पाय रक्तबंबाळ करून आली. दोघींनी मिळून पहिली घागर वर काढली तेव्हा सभागृहात नाकं पुसल्याचे आवाज येत होते. सुलभाताई त्या रात्री अगदी तृप्त झोपल्या.

तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, दारात एक पन्नाशीची बाई उभी राहिली. तिनं कोटही काढला नाही.

"मी टेरेसा. माझे वडील कार्लो, तुमच्या भाषणाला आले होते. पहिल्या रांगेत."

सुलभाताईंना तो आठवला. टोपी मांडीवर ठेवून बसलेला, शहात्तरीचा म्हातारा.

टेरेसा भराभर बोलत गेली. वडील रोक्कासेल्वाचेच. एकोणिसाव्या वर्षी, आजारी आईला बहिणीच्या गळ्यात टाकून, न सांगता अमेरिकेला पळून आलेले. बहीण आसुंता तिथेच आहे, एक्याऐंशी वर्षांची. सत्तावन्न वर्षांत एक शब्द नाही. आता त्यांच्या हृदयाची मुख्य रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली आहे. गुरुवारी बायपास ठरली होती. ती त्यांनी काल रद्द केली आणि उद्याच्या विमानाचं रोमचं तिकीट काढलं.

"डॉक्टर म्हणतात, विमानातच काही होऊ शकतं. बाबा म्हणतात, निघून गेला त्यानं आधी परत यायचं, संतानं सांगितलंय. ऑपरेशनमधून उठलोच नाही तर?" टेरेसाचा आवाज इथे फाटला. "हे तुम्ही त्यांच्या डोक्यात घातलंत. माझ्याबरोबर चला, तुम्हीच काढा."

घरून काम करणारा शंतनू एव्हाना जिन्यात येऊन उभा होता. त्यानं आईला स्वयंपाकघरात ओढलं.

"आई, तू जाऊ नकोस. सॉरी म्हण आणि विषय क्लोज कर. उद्या त्या माणसाला काही झालं तर हे लोक स्यू करतील, कोर्टात खेचतील, यार. आणि तिथे जाऊन तू काय सांगणार आहेस?"

"खरं सांगणार."

"काय खरं?"

"बहीण मी घातली. गोष्टीत नाहीये ती."

शंतनूनं कपाळावर हात मारला नाही एवढंच. "मग तर अजिबात नको जाऊस," तो म्हणाला. पण सुलभाताईंनी चपला काढून बूट घातले होते. थापेबाज म्हातारी म्हणून गावभर नाव होईल, लायब्ररीत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही, हे त्यांना दिसत होतं. आणि तो टोपीवाला म्हातारा विमानाच्या अरुंद खुर्चीत छाती धरून बसलेलाही दिसत होता. पर्स उचलून त्या टेरेसाच्या गाडीत बसल्या.

वूस्टरमधलं कार्लोचं घर पंधरा मिनिटांवर. दारातच एक बॅग पट्टे आवळून ठेवलेली होती. कार्लो खिडकीपाशी बसला होता, आणि त्यांना पाहून त्याचा चेहरा इतका फुलला की सुलभाताईंना परत फिरावंसं वाटलं.

"सिन्योरा, तुमच्यामुळे जातोय मी," तो म्हणाला.

"म्हणूनच आले," त्या उभ्यानंच म्हणाल्या. बसल्या असत्या तर धीर सुटला असता. "बेनिन्याला बहीण नव्हती. ते मी रचलं. लोक कंटाळले होते म्हणून. निघून गेला त्यानं आधी यायचं, हे कुठल्याही संतानं सांगितलेलं नाही. मी सांगितलं."

कार्लो हसला नाही, रागावलाही नाही.

"बाराव्या वर्षापर्यंत मी त्या चर्चमध्ये मेणबत्त्या लावायचो," तो म्हणाला. "बेनिन्याची गोष्ट मला पाठ आहे. तिला बहीण नाही, हे मला तुम्ही लायब्ररीत ते सांगितलंत तेव्हाच कळलं."

टेरेसा मागे मटकन खुर्चीत बसली. "मग कशाला चाललात?"

"कारण कुणीतरी ते बोललं." तो सुलभाताईंकडे वळला. "ती बहीण तुम्ही हवेतून नाही काढलीत. तुम्ही कुणाला सोडून आलात?"

असं कोणी विचारेल याची त्यांनी तयारी केलेली नव्हती. भावाचं नाव त्यांनी अकरा वर्षांत घरीदारी कुणापुढे काढलं नव्हतं. पण आता खोटं सांगायला जागाच उरली नव्हती, आणि त्यांनी सांगून टाकलं. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, माघारी धाकटा भाऊ चारुदत्त कीर्तनाला उभा राहू लागला. ९५च्या रामनवमीला भरल्या देवळात त्यानं शबरीचं आख्यान लावलं. शबरीची टोपली हातातून पडते आणि लक्ष्मण, ज्याला तिची बोरं नको असतात, तोच खाली बसून एकेक बोर वेचतो, असा प्रसंग त्यानं पदरचा घातला. आणि बायकांमधून सुलभाताई उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, हे पोथीत नाही, आबा असं सांगत नव्हते. देऊळ हसलं. चारुदत्तनं कीर्तन कसंबसं पुरं केलं, आणि पुन्हा कधी तो उभा राहिला नाही. बहिणीशी बोललाही नाही.

"प्रसंग चांगला होता," सुलभाताई म्हणाल्या. "मला जळायला झालं. बाई म्हणून मला ती जागा कुणी दिली नव्हती, आणि तो माझ्यापेक्षा चांगलं सांगत होता."

हे त्या आयुष्यात पहिल्यांदा बोलल्या. मग खुर्चीत बसल्या.

कार्लोनं टेबलावरचा फोन त्यांच्यापुढे सरकवला. "तुमच्या भावाला फोन करा. केलात, तर मी गुरुवारी हॉस्पिटलात जातो. आसुंताला इथूनच फोन करीन. नाही केलात, तर उद्याचं विमान."

"बाबा, ही जबरदस्ती आहे," टेरेसा म्हणाली.

"आहे," कार्लो म्हणाला.

सुलभाताईंनी पर्समधून भारतात फोन लावायचं कॉलिंग कार्ड काढलं. आकडे दाबताना दोनदा चुकल्या. चारूनं फोन आपटला तर? एका माणसाचा जीव त्यांच्या भावाच्या रागावर टांगला होता, आणि तो राग किती खरा आहे हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? वर्ध्यात रात्रीचे साडेआठ झाले असतील. घंटा वाजत राहिली. टेरेसा हातावर हात आवळून बसली होती.

"हॅलो, कोण?" आवाज थेट आबांचा.

"चारू, मी ताई."

पलीकडे टीव्हीवरच्या बातम्या तेवढ्या ऐकू येत होत्या. मग त्याही कुणी बंद केल्या. फोन ठेवला नव्हता, म्हणून त्या बोलत सुटल्या. "चारू, मी इथे लोकांपुढे एका संतिणीची कथा लावली. तिच्यात पदरचा प्रसंग घातला. मूळ कथेत नाही. मी घातला रे."

कार्लोनं खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मराठी त्याला कळत नव्हती, पण पलीकडून उत्तर येत नाही हे कळत होतं.

"मध्येच कुणी उठलं नाही ना?" चारुदत्तनं विचारलं.

सुलभाताईंना हुंदका आवरेना. इतक्या वर्षांत त्यानं काय गिळलं होतं, ते त्या पाच शब्दांत त्यांना पोचलं. "नाही रे," त्या म्हणाल्या. "मी उठले होते तशी कुणी उठलं नाही. चुकलं माझं."

"सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग. गाव कुठलं?"

"डोंगरावर आहे," सुलभाताईंनी नाक पुसलं. "भोवती दगडी तट आहे."

कार्लोनं मुलीकडे पाहून मान हलवली. टेरेसा आपला मोबाइल घेऊन बाहेरच्या खोलीत गेली आणि तिनं हॉस्पिटलचा नंबर लावला.