नावं हरवलेल्या शेळ्या

हिंगोलीच्या बसस्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. लॅपटॉप बाळगणारी माणसं आमच्याकडे तेव्हा मोजकीच. त्यांतल्या एक सेनगाव तालुक्यातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाई. एका सकाळी लॅपटॉप घेऊन आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "परवा मोटारसायकलवरून पडला. काल दिवसभर बंद-चालू करून पाहिला, पण सुरूच होत नाही."

"मॅडम, आता हात लावू नका त्याला."

मी एकदाच बटण दाबलं आणि कान टेकवला. टक्, टक्, टक्. थोडं थांबून परत टक्. हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा सरकत माहिती वाचतो. पडल्यामुळे त्या काट्याला आपली जागाच सापडत नव्हती. जितक्या वेळा चालू करावं तितकं नुकसान वाढणार.

आत काय आहे विचारलं, तर बाईंचा चेहरा उतरला. पुढच्या पदवीसाठी त्या गोरेगावकडच्या एका मेंढपाळ मावशींच्या शेळ्यांचा अभ्यास करत होत्या. वर्षभराची मापं वहीत होती, शेळीच्या नावानं लिहिलेली. कोणत्या नावाची शेळी कोणती, हे मात्र फोटोंवरूनच कळायचं, आणि फोटो फक्त या डिस्कवर होते.

डिस्क बाहेर काढून मी माझ्या कॉम्प्युटरला जोडली. कधी ओळख द्यायची, कधी नाही. आडवी ठेवली तर गप्प, कडेवर उभी केली की वाचू लागायची. तापली की बंद. मग टेबलफॅन तिच्यावर रोखला आणि जेवढं सहज निघतं तेवढं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. अडलेला भाग शेवटी. मधे लोडशेडिंग झालं की परत पहिल्यापासून तिची मनधरणी. तिसऱ्या दिवशी फोटो निघाले, जवळपास सगळे. मी खूश होऊन फोन केला.

बाई आल्या आणि एकेक फोटो उघडून पाहू लागल्या. फोटो होते, पण फाइलींना दिलेली शेळ्यांची नावं पुसली गेली होती. नुसते आकडे उरले होते.

"आता यातली कोण कोण ते कसं कळणार?"

"ज्यांच्या शेळ्या त्यांनाच विचारू की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी जीपमधून मावशी आल्या. माझ्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या आणि पडद्याकडे बघून हसायलाच लागल्या.

"अगं बाई, ही तर बांडी! काहून इतकी गप उभी राहिली गं? अन् ही तिची लेक, कबरी. ही चांदी. लई चावरी हाय."

मी फोटो पुढे सरकवत होतो, मावशी नाव सांगत होत्या, बाई लिहून घेत होत्या. मला सगळ्या काळ्या शेळ्या सारख्याच दिसत होत्या. एका फोटोवर मावशी थांबल्या. पदरानं पडद्यावरची धूळ पुसली.

"हिला लांडग्यानं नेलं," एवढंच म्हणाल्या. मग, "चला, म्होरली दावा."

पुढची दिसताच त्यांचा आवाज चढला. "ही आमची न्हाई! ही आमच्या जावंची. डाक्टरीनबाई, हिला काहून मोजलं तुमी?"

"तुमच्याच कळपात उभी होती हो, मावशी!"

"उभी ऱ्हायली म्हून आमची झाली व्हय?"

दुकानात आलेली दोन-तीन गिऱ्हाईकं पोट धरून हसली. बाईंनी वहीतली ती ओळ खोडली.

शेवटी एक फोटो उरला. वरची पट्टी तेवढी शाबूत, खाली नुसता राखाडी रंग. दोन कान आणि आभाळ दिसत होतं. मी तो पुसणार, तेवढ्यात मावशींनी माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे की भाऊ. पारी हाय ती. डावा कान फाटका बघा, बोरीत अडकला व्हता."

बाईंनी वही उघडली. पारीच्या नावापुढे त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'डावा कान फाटलेला.' दोघी एकमेकींकडे बघून लहान पोरींसारख्या हसल्या. मी ते फोटो दोन वेगवेगळ्या सीडींवर उतरवून बाईंना दिले आणि लांडग्यानं नेलेल्या शेळीचा एक रंगीत फोटो छापून मावशींच्या हातात ठेवला. त्यांनी तो घडी न करता वर्तमानपत्रात गुंडाळला आणि जीप गाठायला निघाल्या.