खिळ्यावरचे काळे चमचे

आमची सून ऐकत नाही. "बाबा, आधी ते चमच्यांचे किस्से लिहा, मग चहा." चौथीत शाळा सोडलेल्या माणसाला लिहायला बसवायचं, हा छळ नाही तर काय! आणि कॅन्टीनचे किस्से म्हणजे हौदातली खरकटी भांडी. एक घासा, खाली आणखी दहा. चमच्यांचं तेवढं घासूनही निघत नाही.

*

हिंगण्याच्या एका कारखान्यात मी वरण-भात वाढायचो. तिथे चमचे टिकत नसत, म्हणून नियमच होता. माणशी एक चमचा, भिंतीवर माणशी एक खिळा. जेवणं झाली की मी धुवून ज्याचा त्याच्या खिळ्यावर टांगायचो.

नव्या मॅनेजरने स्टीलचे काढून काळे आणले. मॅट म्हणे, चमक औषधालाही नाही. मला समजावतो, "काका, रोज वापरले की यांना कॅरेक्टर येतं!"

कॅरेक्टर! चितेतून वेचल्यासारखे दिसत होते मेले.

पहिल्याच दिवशी काळाभोर सावजी रस्सा. क्रेनवरचा महादेव ओरडला, "काका, माहा चमचा रश्श्यात हरवला गा! टॉर्च आणा!"

*

दिवाळीपर्यंत रंग उडू लागला. जिथे अंगठा तिथे पांढरा डाग, जिथे ओठ तिथे पांढरी कड. प्रत्येकाची वेगळी. महादेव चमचा चावायचा, त्याच्या टोकाला दातांची रांग उमटली.

एकदा भिंत रंगवताना चमचे इकडचे तिकडे झाले. महादेवने पहिला घास घेतला आणि थुंकला. "हा कोणाचा हाय बे? परक्या तोंडानं जेवल्यावानी वाटते!"

सगळे हसले. पण त्यानंतर दुसऱ्याच्या चमच्याला कोणी बोट लावलं नाही.

*

महादेव माझ्या चहाचा जोडीदार. एका संध्याकाळी मोटारसायकलवर घरी निघाला, पोचला नाही.

वहिनी, त्याची बायको, सामान न्यायला आली. डबा, बूट, सगळं घेतलं. चमचा मी पुढे केला तर म्हणाली, "तो राहू द्या भाऊजी. जेवाच्या वेळेले तुमच्यात राहतील ते."

खिळ्यावर राहिला. मी फक्त धूळ झटकायचो.

*

आणि एके दुपारी सुपरवायझर वसंता बोकडे सगळ्यांसमोर तो चमचा घेऊन माझ्या अंगावर आला. अंगठ्याचा डाग वाढलेला, दातांची रांग आणखी खोल!

"मेलेल्या माणसाच्या चमच्यानं काहून जेवून राहिला बे म्हाताऱ्या?"

म्हटलं, "मी जन्मभर हातानं जेवतो. आणि दात कुठे हायत मले?" तोंड उघडून दाखवलं. कोणी हसलं नाही.

मला वाढण्यावरून काढून मागे हौदावर बसवलं. ते चालतं, घासणं मला नवीन नाही. पण गोष्ट वहिनीपर्यंत गेली. बाजारात दिसली तर तिने पदर पुढे ओढला, दुसऱ्या गल्लीत वळली. महादेवच्या उष्ट्यावर टपलेला माणूस, अशी माझी किंमत झाली तिच्याकडे.

*

मी वसंताला म्हटलं, "तो चमचा ठेव तुह्याच कपाटात. कुलूप लाव, किल्ली तुह्याच करदोट्याले बांध. मंग बोल!"

त्याने तसंच केलं. थोडे दिवस गेले. मग भर जेवणाच्या सुट्टीत कपाट उघडायचं ठरलं. मी हट्टाने वहिनीलाही बोलावलं.

कुलूप वसंताने स्वतः काढलं.

चमचा ओला होता. कडेला वरण लागलेलं. आणि टोक तर इतकं चावलेलं, की चमचा आखूड झाला होता!

वहिनीने तो हातात घेतला आणि एवढंच म्हणाली, "गरम हाय."

मग माझ्याकडे वळून तिने हात जोडले. एकेक जण आला, "चुकलं काका" म्हणून गेला. मॅनेजरसुद्धा.

वसंताने मात्र ताट घेतलं, खिळ्यावरून आपला चमचा काढला आणि जेवायला बसला. रोज त्याच चमच्याने जेवायचा तो, आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. अंगठ्याचा मोठा पांढरा डाग होता त्यावर, मी स्वतः कितीदा धुतलेला.

तो डाग आता त्यावर नव्हता. चमचा खोक्यातून आज काढल्यासारखा काळा कुळकुळीत, जणू वसंता त्याने कधी जेवलाच नव्हता. वसंता भात तोंडात घालत होता, आणि चमच्यावरचा भात तसाच होता.

माफी मागायचा राहिला तो एकटाच. वसंता बोकडे.