चमकणारी हेडं

स्वारगेटमागच्या गल्लीत शमशुद्दीनचाचा शर्यतीच्या मोटारींची सिलिंडर हेडं घासत. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचा जड ठोकळा; त्यातल्या वाटांमधून हवा आणि पेट्रोल आत जातं. मी शेजारी राहायचो आणि मला बसून बघण्याखेरीज फारसा उद्योग नव्हता.

चाचांचे वडील कल्हईवाले. भांड्यात तोंड दिसेपर्यंत हात थांबवायचा नाही, ही घरची रीत चाचांनी हेडांनाही लावली. वाट लख्ख झाली की ते तिच्या तोंडाशी लोबान धरत, पलीकडून पंख्याने हवा ओढत आणि धूर आत शिरताना बघत राहत. तेव्हा हाक मारण्यात अर्थ नसे. धूर हळूच वळून आत जाई. बसचे भोंगे दूर कुठेतरी विरत आणि मलाही वाटे, आपण हलके होऊन त्याच्या मागोमाग निघालोय. असं सुख मला दुसरीकडे मिळालं नाही.

अठ्ठ्याऐंशी साली चाचांचं जुनं गिऱ्हाईक, वाघोलीचा दिगंबर, एक परदेशी बनावटीचं हेड घेऊन आला. पुढच्या रविवारी त्याची शर्यत होती. चाचांनी घासलेलं बसवू की हे, असं त्याने त्यांनाच विचारलं. चाचांनी आत बोट फिरवलं. खरखरीत. त्यांच्याकडे कल्हईवाले नसावेत, म्हणाले. धुराच्या परीक्षेतही चाचांचंच हेड सरस ठरलं.

मग दिवे घाटात एक दिवस परदेशी हेड लावून पाहिलं. धुक्यातून गाडी तरंगत वर गेली. दुसऱ्या दिवशी चाचांचं. प्रत्येक वळणावर गाडी गुदमरली. वर पोचल्यावर दिगंबर म्हणाला, "दोन्ही सारखीच हायेत, चाचा." गड्याला खोटंही धड बोलता येत नव्हतं.

चाचांनी तिथेच कार्बुरेटर उतरवला आणि बॅटरीच्या उजेडात हेडच्या वाटेत पाहिलं. गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब धरले होते. खरखरीत भिंतीवर ते असे साचले नसते, हवेत मिसळले असते. हे त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना.

"तीस वर्षं मी चमक विकली," ते म्हणाले.

घरी येऊन त्यांनी जाड पॉलिशपेपर घेतला आणि स्वतःची चमक खरवडून काढली. खरवडताना ते रडले, आणि लपवलंही नाही. रविवारी तेच हेड लावून दिगंबर पहिला आला.

एवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण चाचांनी जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले: माझी चूक झाली, हेडं आणा, फुकट नीट करून देतो. मला भयंकर राग आला. आपल्या हाताने आपलं नाव घालवायची ही कुठली हौस?

नाव काही गेलं नाही. महिनाभर चाचा पॉलिशपेपर घेऊन दारात बसले, पण एकानेही हेड आणलं नाही. इतकी सुंदर चमक खरवडायची, हे कुणालाच पटेना.