नवी लेन्स आणि टोकाला बसलेल्या आई

गेल्या महिन्यात एका रविवारी आगगाडीने ठाण्याहून कल्याणला गेलेलो. मांडीवर नव्या कॅमेऱ्याची पेटी... हमालाच्या हातात द्यायची काही छाती झाली नाही.

आमच्या कचेरीतले वासुदेवराव, त्यांच्या घरी बोलावणं होतं. त्यांच्या आई काशीला निघणार होत्या. या वयात काशीला गेलेलं माणूस परत येईलच असं कुणी धरून चालत नाही. म्हणून जाण्याआधी सगळ्या घराचा एक फोटो हवा होता, आणि आईंचा चेहरा त्यात नीट यायला हवा होता.

माझा पहिला कॅमेरा म्हणजे शिकाऊ माणसाचं खेळणं. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाकडून घेतलेला. उन्हात तलाव, देवळं वगैरे झकास यायची. घरात मात्र साठ आकडे मोजेपर्यंत माणसाने हलायचं नाही, आणि एवढं करून काचेच्या प्लेटवर नुसता काळोख.

त्या काळोखातच माझी बायको राहिली. अंगणात उन्हात बस म्हटलं तर म्हणायची, रस्त्यावरचे लोक बघतात. मीही हसून सोडून द्यायचो... मोठी लेन्स घेऊ, मग घरातच काढू, घाई काय आहे. चार वर्षांपूर्वी तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. लेन्स मी त्यानंतर घेतली. मोठा शहाणा मी!

आता कशाला घेतली म्हणाल, तर लोकांनी घरात बोलवावं म्हणून. ठाण्यात टेंभी नाक्यापाशी माझ्या दोन खोल्या आहेत. संध्याकाळी परतलो की मांजराने भांडं पाडलं तरी बरं वाटतं, तेवढाच आवाज.

असो. तर कल्याण.

याही घरातल्या बायका अंगणात यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, काही हरकत नाही, आता माजघरातही जमेल. खिडक्या, मागचं दार, सगळं उघडायला लावलं. पाट मांडले, पंगतीला मांडतात तसे सरळ रांगेत. मधे मोठी सून, तिच्या दोन्ही बाजूंना बाकीच्या सुना आणि लेकी, मागे पुरुष उभे. आई आल्या आणि न विचारता अगदी टोकाच्या पाटावर बसल्या.

काळ्या फडक्यात डोकं घातलं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर सगळं घर उलटं टांगलेलं, पण मधली माणसं काय सुरेख! मोठ्या सुनेच्या नथीतले मोती मोजून घ्यावेत... आणि टोकाला आईंचा चेहरा पार विरघळलेला.

पुढे सरकवलं, मागे सरकवलं. आई स्पष्ट झाल्या की बाकीचं घर पुसट. अंधारात ही लेन्स पुरती उघडली की फक्त मधल्यांना नीट पाहते. दुकानदाराने सांगितलं नव्हतं... किंवा सांगितलंही असेल, नव्या वस्तूच्या आनंदात मी ऐकलं नसेल. लेन्सचं तोंड बारीक करावं तर पुन्हा साठ आकडे, आणि आईंची मान वयाने सारखी हलणारी.

म्हटलं, आई, मधे बसा. त्या नको म्हणाल्या. सवाष्णींच्या मधोमध आपण बसायचं नाही, असं त्यांनी यजमान गेल्यापासून इतकी वर्षं पाळलेलं. लेक समजावून थकला, सुनांनी विनवलं. त्या आपल्या एकच धरून बसल्या, मी इथे बरी आहे.

आणि माझं डोकंच फिरलं. परक्याच्या घरात, आईच्या वयाच्या बाईशी मी चढ्या आवाजात बोललो. "तुम्ही मधे बसणार नसाल, तर हा फोटो मी काढणार नाही."

वासुदेवराव माझ्याकडे बघायला लागले. कचेरीत मी कधी कुणाला उलट बोलत नाही.

आईंना मात्र राग आला नाही. "एवढा हट्ट कुणासाठी रे?" त्यांनी विचारलं.

मग सांगून टाकलं. म्हटलं, माझ्या घरातली माणसंही नको म्हणायची, मी ऐकायचो. आता तिचा चेहरा आठवायला बसतो तर कधी नाक आठवतं, कधी हसू... सगळं एकदम येत नाही. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. लाजही वाटली.

मोठी सून मधल्या पाटावरून उठली आणि टोकाला जाऊन उभी राहिली. आईंनी त्या रिकाम्या पाटाकडे बघितलं. मग हातावर जोर देऊन उठल्या, मधे येऊन बसल्या आणि पदर कपाळावर ओढून घेतला. मी लेन्सचं टोपण काढलं, आठ आकडे मोजले, टोपण लावलं. त्या आठ आकड्यांत त्यांची मान जराही हलली नाही.

पुढच्या रविवारी फोटो घेऊन गेलो. टोकाची मोठी सून पुसटच आलीय, पण ती बिचारी खूश. आई मात्र फोटो खिडकीपाशी धरून कितीतरी वेळ बघत होत्या. म्हणाल्या, "मी माझ्या आईसारखी दिसायला लागलेय की."

निघताना त्यांनी मला थांबवलं. "तुझ्या बायकोचं नाव काय? तिच्या नावाने गंगेत एक ओंजळ सोडीन."

तिचं नाव मी लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच... बायकोचं नाव घ्यायची आपल्यात रीत नाही, आणि ती गेल्यावर तर ते मला कुणी विचारलंही नाही. मान खाली घालून म्हटलं, "द्वारका." आईंनी ते दोनदा म्हणून बघितलं, विसरू नये म्हणून.

ठाण्याला उतरून घरी आलो, कुलूप काढलं. आत जाऊन ते नाव एकदा मोठ्याने घेतलं. ओ द्यायला कुणी नव्हतं, ते मला ठाऊकच होतं... पण आई, नाव घ्यायला शिकवलंत, तुमचे उपकार आहेत.