जुनं इंग्रजी काहून घेतलं?

कोणालाही सांगून बघा की तुम्ही एम.ए.ला जुनं इंग्रजी साहित्य घेतलंय. समोरचा आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या आईवडिलांकडे बघतो, आणि मग सगळ्यांनाच चहा विचारतो. "याचा उपयोग काय?" हा प्रश्न चहानंतर येतो. या प्रश्नाला माझ्याकडे अजूनही धड उत्तर नाही. मग मी काय करते, एखादा किस्सा सांगून वेळ मारून नेते. माझ्या वर्गातला पंकज तेच करतो, वैष्णवीही तेच करते. लोक विचारत गेले आणि आमच्याकडे किस्स्यांचा ढीग लागला. उत्तर तेवढं सापडायचं राहिलंय!

* * *

सुरुवात घरापासून. आम्ही अकोल्याचे, आणि बाबा बस डेपोत मेकॅनिक. मी अमरावतीला अ‍ॅडमिशन घेऊन आले त्या संध्याकाळी बाबांचे मित्र खंडारे काका पेढे खायला आले.

"इंग्रजी घेतलं त चांगलंच केलं बेटा," काका म्हणाले. "पन जुनं काहून घेतलं? नवीन भेटलं नाई काय?"

मी सांगायला लागले की भाषा आधी कशी होती, मग कशी बदलत गेली. काकांचा चेहरा काही बदलेना. शेवटी बाबा मध्ये पडले. "हे पाय, नव्या गाडीत सारं झाकून ठेवलेलं असते. जुन्या गाडीचं इंजन उघडून पाहाता येते. पोरगी ते इंजन पाहून राहिली."

काकांना एकदम पटलं. त्यांनी दुसरा पेढा उचलला आणि मला विचारलं, "मंग, चालते काय ते?"

"नाही काका," मी म्हटलं. "बंद आहे!"

* * *

हा पेपर घेणारे आम्ही चौघंच. मी, बार्शीटाकळीचा पंकज, धामणगाव रेल्वेची वैष्णवी आणि खिडकीजवळ बसणारा बन्सी. शिकवायला वानखडे सर. सर तासिका तत्त्वावर, म्हणजे सकाळी आमच्याकडे आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात. डोक्याला दुपट्टा बांधून स्कूटीवर यायचे आणि तो सोडता सोडताच शिकवायला सुरुवात करायचे.

पहिल्या दिवशी त्यांनी "गुड मॉर्निंग"सुद्धा न म्हणता एक अख्खं पान मोठ्यानं वाचलं. आम्हाला एक शब्द कळला नाही. मी वैष्णवीकडे पाहिलं. ती कॉन्व्हेंटची, वकिलांची मुलगी, तिला तरी कळत असेल. तिचं तोंड माझ्यापेक्षा उघडं!

पंकजनं हात वर केला. "सर, हे इंग्रजीच आहे न?"

"हजार वर्षांपूर्वीचं."

"मंग आजच्या इंग्रजायले तरी समजत असन काय?"

"शिकल्याशिवाय नाही समजत."

पंकज पाठ टेकून आरामात बसला. अकोल्याला बी.ए.ची तीन वर्षं आम्ही एकाच वर्गात होतो, पण मी त्याला असं बसलेलं पाहिलं नव्हतं. "मंग ठीक आहे बाप्पा," तो म्हणाला. "आता झाले सारे सारखे."

आम्ही हसलो खरे, पण तो खोटं बोलला नव्हता. इंग्रजीच्या वर्गात आम्ही कायम मागच्या बाकावरचे. तोंड उघडलं की आपण कुठल्या शाळेतून आलो ते कळायचं. या पेपरात तसं काही नव्हतं. इथं वैष्णवी अडखळायची, मी अडखळायचे, आणि सरसुद्धा एखाद्या शब्दाशी थांबून म्हणायचे, "थांबा, मले पाहू द्या." मला इंग्रजीची भीती वाटेनाशी झाली ती इथं.

* * *

बन्सी मात्र तोंडच उघडायचा नाही. हजेरीला हात वर करायचा, बस्स. तो धारणीकडचा, एवढंच आम्हाला माहीत होतं. पंकज होस्टेलवर त्याच्याच खोलीत राहायचा. एकदा त्यानं विचारलं, "काय बे, तू बोलत काहून नाई?"

बन्सीनं बराच वेळ विचार केला. "घरी कोरकू," तो म्हणाला. "बाजारात हिंदी. शाळेत मराठी. इथं इंग्रजी. कोनत्या भाषेत बोलू हे ठरवता ठरवता तास संपते."

यावर आम्ही खूप हसलो, पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. प्रत्येकाला शेवटी एक सेमिनार द्यायचा होता, उभं राहून, इंग्रजीत. सेमिनार नाही तर अंतर्गत गुण नाहीत. म्हणजे वर्ष गेलं, होस्टेलची जागा गेली. बन्सीच्या वडिलांनी त्याला साफ सांगून ठेवलं होतं, नापास झाला तर पुस्तकं तिथंच सोड आणि कामावर ये. सरांनी सांगून पाहिलं, पंकजनं शिव्या देऊन पाहिल्या. बन्सी मान हलवायचा आणि खिडकीबाहेर बघायचा.

* * *

त्या जुन्या कवींना समुद्राचं भारी वेड. जिकडे तिकडे नावा, वादळं आणि थंडगार पाणी! एक दिवस सरांनी विचारलं, "समुद्र कोणी पाहिलाय?"

आमच्यापैकी फक्त वैष्णवीनं पाहिला होता, शाळेच्या सहलीत. "पण सर, मला गाडी लागली होती," ती म्हणाली. "मी जास्त करून बादलीच पाहिली."

पंकज म्हणाला, "सर, तुमी त पाह्यला असन."

"नाही रे," सर म्हणाले. "मी मूर्तिजापूरचा."

मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, दुसऱ्या दिवशी ते आम्हाला छत्री तलावावर घेऊन गेले. पाणी पार तळाशी गेलेलं. तिथं काठावर बसून सरांनी एक जुनी कविता वाचली. एका माणसाचा धनी मेलाय, आणि तो एकटाच हिवाळ्यात समुद्रावर भटकतोय, अशी. सरांचा आवाज आधीच भरदार, त्यात ती भाषा. पाण्यात म्हशी घालून बसलेला एक म्हातारा उठून आमच्याजवळ आला.

"कोनी गेलं काय जी?" त्यानं हळूच विचारलं.

"हो," सर पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले. "याचा मालक गेला."

"कवा?"

"लय वर्षं झाली. हा अजून रडूनच राहिला."

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली. "मंग चांगला असन जी मालक," तो म्हणाला. "आमचा गेला त आमी तेरवी जेवलो अन् इसरलो."

परत येताना सगळे हसत होते, माझ्या डोक्यात मात्र ते अडकून बसलं. माझ्या आजोबांनी मालकाचं काम सोडलं, तो दिवस आमच्या घरात अजून सणासारखा सांगतात. मग या कवितेतल्या माणसाचं रडणं मला एवढं का लागलं? मी दुसऱ्या दिवशी वर्गात तसंच विचारलं. सरांनी ठरलेला धडा बाजूला ठेवला आणि तो अख्खा तास त्यावरच गेला. उत्तर काही निघालं नाही. पण माझ्या घरातली गोष्ट त्या वर्गात विचारता येते, हे मला तेव्हा कळलं, आणि मला फार बरं वाटलं.

* * *

या कविता लिहिल्या जाण्याआधी म्हटल्या जायच्या. म्हणणारा दरवेळी थोडी वेगळी म्हणायचा. पुस्तकात वाचलं तेव्हा मला हे काही खरं वाटेना. कविता पाठ आहे, तर वेगळी कशी होईल?

सुट्टीत अकोल्याला गेले. माझी आत्या आमच्या वस्तीतल्या विहारात गाणी म्हणते, कागद न बघता. मी फोनवर रेकॉर्ड करायला बसले. शनिवारी विहारात एक गाणं घेतलं, रविवारी तिथंच तेच गाणं पुन्हा घेतलं. दोन्ही ऐकली तर मधली दोन कडवी निराळीच!

"आत्या, अवं काल तू वेगळंच म्हणत होती!"

आत्या पोळ्या लाटत होती. तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "काल वेगळे लोक होते."

सरांना हे सांगितलं तर त्यांनी मला फळ्याजवळ बोलावलं, खडू हातात दिला आणि ते वाक्य लिहायला लावलं. दोन दिवस कोणी पुसलं नाही.

* * *

आता फाटक्या पानांचा किस्सा. आमच्या अभ्यासात ओसाड पडलेल्या एका शहराची कविता होती. भिंती पडल्या, छपरं गेली, कोणीतरी ते बघत उभा आहे. गंमत म्हणजे कवितेचं पानही मधून जळालेलं. छापील पुस्तकात तिथं नुसते ठिपके. सरांचा नियम कडक होता. ठिपके आले की थांबायचं, मनात एक श्वास मोजायचा, आणि पुढे जायचं. मनानं काही भरायचं नाही.

वैष्णवीनं एकदा भरलं. रात्रभर बसून त्या जागेसाठी चार ओळी रचून आणल्या, आणि होत्याही सुरेख. सरांनी त्या दोनदा वाचल्या. "छान आहेत," ते म्हणाले. "पण तुझ्या आहेत, त्याच्या नाहीत." ती बिचारी आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, जसं काही मीच मार्क कापले!

पंकजनं मात्र तो नियम मनापासून उचलला. मेसच्या वांग्याच्या भाजीत वांगं नसलं की तो घास तिथंच थांबवून मान खाली घालायचा. एकदा तो होस्टेलवर फार उशिरा आला. वॉर्डन दारातच उभे. "संध्याकाळपासून कुठी होता बे?"

पंकज हात जोडून म्हणाला, "सर, तेवढं पान जळालेलं आहे."

* * *

आणि आता बन्सी.

त्यानं सेमिनारच्या दोन तारखा चुकवल्या होत्या. एकदा ताप आला, एकदा तो खोलीतून निघालाच नाही. ही शेवटची तारीख. पंकजनं त्याला आपला इस्त्रीचा शर्ट घातला आणि अक्षरशः हाताला धरून आणलं. गुण द्यायला विभागप्रमुख मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. बन्सीनं विषय निवडला होता तीच ओसाड शहराची कविता.

तो टेबलाजवळ गेला, झेरॉक्स पसरली आणि एकदम वाचायला लागला. आम्ही चकित! इतका स्वच्छ, इतका ठाम आवाज त्याच्या गळ्यात होता कुठं? वाचत वाचत तो ठिपक्यांपर्यंत आला आणि थांबला. आम्ही थांबलो. तो काही पुढे जाईना. पंखा फिरतोय, बाहेर कोणीतरी गाडीला किक मारतंय, आणि बन्सी उभाच. पंकजनं डोळे मिटून घेतले.

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

बन्सीनं सरांकडे पाहिलं. "सर, इथं भरायचं नाई म्हनता तुमी," तो मराठीत म्हणाला. "पन हे पान मले मालूम आहे."

त्यानं पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे सोमजीचं घर. बाजूले फुलमायचं. दोघायच्या मधात मोहाचं झाड, त्याच्यावरून भांडन." बोट पुढे सरकलं. "ही शाळा. दोन खोल्या. एकीत पोट्टे, एकीत बकऱ्या." आम्ही हसलो. तोही जरासा हसला. "हा हातपंप. इथून चढ लागते..."

मग त्याची मराठी मागे पडली आणि तो कोरकूत बोलायला लागला. आम्हाला काही कळत नव्हतं, फक्त मधून मधून माणसांची नावं यायची. बोट ठिपक्या-ठिपक्यानं चालत होतं. वैष्णवी रडत होती. मीही रडत होते, उगाच कशाला लपवू! शेवटच्या ठिपक्यांवर बोट थांबलं.

"मी आठवीत होतो तवा गाव उठलं," तो पुन्हा मराठीत म्हणाला. "वाघायसाठी जंगलातून काढून अकोटच्या इकडे आनून बसवलं आमाले. घर पक्कं आहे, लाईट आहे, दवाखाना जवळ आहे. खराब काई नाई, सर. तिथं आता गवत आहे. हरनं चरतात. आमाले जायचं त परमिशन लागते."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"बन्सी," त्या म्हणाल्या, "हे मी विसरणार नाही. पण पेपर इंग्रजीचा आहे रे. इंग्रजीत तू स्वतःहून काहीच बोलला नाहीस. एक तरी उत्तर मला इंग्रजीत पाहिजे. त्याशिवाय मी गुण कसे देऊ?"

वानखडे सर खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. मॅडम सोपा प्रश्न शोधत होत्या, ते आम्हाला दिसत होतं. मग त्यांनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, "बन्सी, व्हेअर इज युवर व्हिलेज नाऊ?"

बन्सीनं खिडकीबाहेर पाहिलं नाही. त्याचं बोट कागदावरून उठलंच नव्हतं.

"हिअर, मॅडम," तो म्हणाला.