तिसऱ्या मेघराजची फर्माईश

मावशी पडद्याकडे पाठ करून सिनेमा पाहत. बायकांच्या बाजूच्या दारात, एक पाय उंबऱ्यावर, पदर कमरेला खोचलेला, आणि नजर सगळी बाकांवर बसलेल्या बायकांवर. मी एकदा म्हटलं, मावशी, जरा वळून तरी पाहा, फुकटात आहे. तर म्हणाल्या, "मले यांच्या तोंडावर दिसते सारं." आणि खरोखरच दिसायचं. दुष्ट माणूस कधी आला, हिरो कधी जखमी झाला, कुठलं गाणं नको तितकं लांबलं, हे खेळ सुटल्यावर त्या माझ्या तिकिटांच्या खिडकीशी येऊन बिनचूक सांगत. गोष्ट मात्र त्यांची स्वतःची असे. एका पौराणिक चित्रपटातल्या राणीला त्यांनी दोन आठवडे विधवा समजून हळहळ केली, कारण ती पडद्यावर आली की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत. राणी चांगली सवाष्ण होती.

बऱ्हाणपूरला इतवाऱ्याजवळच्या एका थिएटरात मी तेव्हा तिकिटं विकत असे. विशीतला होतो, मिशी नुकतीच फुटत होती आणि तिच्यावरून मावशी माझी रोज खोड काढत. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळातली थिएटरं पाहिली आहेत त्यांना आठवत असेल, बायकांची बाजू लाकडी कठड्याने वेगळी केलेली असे आणि दिवे लागले की मध्ये जाड पडदा ओढला जाई. तिथे दाराशी पुरुष माणूस तिकीट फाडायला उभा असला तर चांगल्या घरच्या बायका यायच्या नाहीत, म्हणून मालकांनी मावशींना ठेवलं होतं. त्यांचे यजमान गिरणीत होते, ते वारले होते. एकुलता एक मुलगा वसंता माझ्या बरोबरीचा. तो वडिलांच्या जागी गिरणीत लागला होता आणि पाळी सुटली की आमच्या खिडकीशी पडीक असे.

मावशींच्या पोटात त्या बाजूच्या कितीतरी बायकांची गुपितं होती. एक नवी सून देवळात जाते सांगून तीनच्या खेळाला येई. एके दिवशी नेमकी तिची सासूही शेजारणींना घेऊन आली. मावशींनी सुनेला खांबामागच्या बाकावर हलवलं, शेवटची दहा मिनिटं राहिली असताना बाहेर काढलं आणि फुलवाल्याकडून एक हार घेऊन तिच्या हातात दिला, देवळातून आल्यासारखं दिसावं म्हणून. वर दम भरला, "सासूले नको सांगू, पन घरात एकाले तरी मालूम असू दे, तू कुठं असतं ते." सुनेने नवऱ्याला सांगितलं असावं, कारण पुढच्या खेपेला तिचं तिकीट काढायला तोच आला.

त्या दिवसांत बऱ्हाणपूरला मेघराजचं वेड लागलं होतं. मेघराज हा पडद्यावरचा गुप्तहेर. त्याचे दोन चित्रपट येऊन गेले होते आणि दुसऱ्याच्या शेवटी त्याने किल्ल्याच्या तटावरून नदीत उडी टाकली होती. तो वाचला की नाही हे तिसऱ्यात कळणार होतं आणि तिसरा काही येत नव्हता. मग काय, समोरच्या चहाच्या दुकानात रोज नवा तिसरा मेघराज तयार होई. शाळेतले ड्रिलमास्तर म्हणत, गाणी काढून टाका आणि त्या जागी तलवारबाजी घाला. पानवाला शपथेवर सांगे की दुसऱ्यातली राजकन्या शेवटी शत्रूची हेर निघणार. वसंताला एकच गोष्ट पाहिजे होती, मेघराजने आगगाडीच्या टपावरून पळावं. तो स्वतः गोदामाच्या पत्र्यांवरून पळून दाखवायचा आणि शिव्या खायचा.

प्रत्येक मेघराजमध्ये एक ठरलेला प्रसंग असे. मोहिमेवर निघताना तो आईच्या पाया पडतो आणि सांगतो, अत्तराच्या ऑर्डरी घ्यायला चाललोय, पंधरा दिवसांत येतो. आई बिचारी त्याच्या हातावर दही घालते. तिला काही माहीत नाही आणि आपल्याला सगळं माहीत आहे, या आनंदात पुरुषांच्या बाजूला टाळ्यांचा कडकडाट होई. मीसुद्धा खिडकी लावून तेवढ्यापुरता आत जात असे. मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या की आमच्या बाजूला त्या जागी कोणी टाळी वाजवत नाही, सगळ्या मुकाट बसतात. मी ते हसण्यावारी नेलं.

तो काळ आठवा. देश स्वतंत्र झाला होता, संस्थानं एकामागून एक विलीन होत होती आणि हैदराबाद अडून बसलं होतं. त्याच्या हद्दीतून, अजिंठ्याच्या बाजूने, घरदार सोडून निघालेली माणसं आमच्याकडे लालबागेत नातेवाइकांच्या आसऱ्याला येत होती. सरहद्दीवर हैदराबादशी लढणाऱ्यांची शिबिरं उघडली होती आणि तरुण पोरं तिकडे जात होती. वसंता एका दुपारी खिडकीशी आला, आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाला, "मी चाललो सरहद्दीवर. मायले सांगितलं, अकोल्याच्या जिनिंगात नोकरी लागली. तिकडे कोनी खरं नाव सांगत नाही म्हनतात. मी मेघराज सांगनार."

आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग त्याने मला गळ्याची शपथ घातली, मी परत येईपर्यंत कुणाला म्हणता कुणाला सांगायचं नाही. आणि आधीच लिहून ठेवलेली दोन पोस्टकार्डं माझ्या हातात दिली. मावशींना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्रं थिएटरच्या पत्त्यावर येणार आणि मीच वाचणार हे उघड होतं. पंधरा पंधरा दिवसांनी एकेक कार्ड आलं म्हणून वाचून दाखवायचं. सांगायला लाज वाटते, पण ती कार्डं खिशात घालताना माझी छाती फुगली होती. मेघराजच्या गोष्टीत मलाही एक काम मिळालं होतं.

पहिलं कार्ड वाचलं, दुसरं वाचलं. मी मजेत आहे, जेवणाची सोय चांगली आहे, काळजी करू नये. मावशी कार्ड हातात घेऊन उलटंपालटं करत आणि पदरात बांधून ठेवत. पुढे पोलीस ॲक्शन झाली, चार-पाच दिवसांत हैदराबादचा प्रश्न मिटला, आमच्याकडे पेढे वाटले गेले. दसऱ्याच्या सुमाराला शिबिरांतली पोरं परतू लागली. वसंता आला नाही. मावशी रोज खिडकीशी येऊन विचारत, अकोल्याचं काही आलं का.

तेव्हा मी सांगायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, एवढं न कळायला तू काय कुक्कुलं बाळ होतास? नव्हतो. पण शपथ घेतली होती. वसंता आज येईल, उद्या येईल, आल्यावर मला काय म्हणेल, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. शिवाय सांगायचं म्हणजे आधीच्या दोन कार्डांचंही सांगावं लागणार होतं. म्हणून मी तिसरं कार्ड स्वतःच लिहिलं. खरं वाटावं म्हणून त्यात एक ओळ घातली, इकडे आता रात्रीचं गार पडू लागलं आहे, अंगावर घ्यायला काही नाही.

मावशींनी आठ दिवसांत गोधडी शिवली. खेळ चालू असताना दारात उभ्या राहूनही टाके घालत होत्या. दिवाळीला ती गोधडी आणि फराळाचा डबा घेऊन त्या एकट्या अकोल्याला गेल्या. मला कळलं ते मालकांकडून, त्या गेल्यावर. तीन दिवस त्या कापसाच्या एका जिनिंगातून दुसऱ्या जिनिंगात वसंताचं नाव विचारत फिरल्या. परत आल्या तेव्हा गोधडी तशीच काखेत होती. तिथे असा कोणी नाहीच म्हणतात, एवढं मला सांगितलं आणि तिकिटं फाडायला दारात जाऊन उभ्या राहिल्या. त्याही दिवशी मी तोंड उघडलं नाही.

संक्रांतीनंतर चित्रपट कंपनीचा एजंट आला. तिसऱ्या मेघराजची जुळवाजुळव चालली होती आणि पब्लिकला काय पाहिजे ते विचारून ये, असं त्याला सांगितलेलं होतं. मालकांनी ऑफिसात चहा ठेवला, ड्रिलमास्तरांपासून सगळे जमले. घोडे, आगगाडी, पाणबुडी, एकासारखे एक दोन मेघराज, एजंट भराभर वहीत लिहीत होता. मावशी कप न्यायला आल्या तेव्हा त्याने थट्टेत विचारलं, बायकांची काय फर्माईश आहे?

मावशी कप हातात धरून थांबल्या. "त्यानं एक डाव मायले खरं सांगून जावं," त्या म्हणाल्या.

सगळे हसले. एजंट म्हणाला, घरी सांगितलं तर तो गुप्तहेर कसला, आणि पिक्चर पुढे कसं जायचं?

"नाही गेलं तं नाही गेलं," मावशी म्हणाल्या. "पन पोरगं कोनत्या दिशेले गेलं ते मायले मालूम पाहिजे ना. तिनं वाट कोनत्या रस्त्यावर पाह्यची?"

एजंटने ते लिहून घेतलं नाही. पेन्सिल कानाला लावून त्याने पानवाल्याला राजकन्येचं विचारलं. मी कोपऱ्यात बसून सगळं पाहत होतो आणि माझ्या हातातला चहा मला पिववेना.

तीनचा खेळ सुरू झाल्यावर मी खिडकी लावली, बायकांच्या दाराशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. अकोला खोटं, शिबिर खरं, वसंताने घेतलेलं नाव, त्याने देऊन ठेवलेली दोन कार्डं. मला वाटलं होतं त्या रडतील, माझ्या थोबाडीत मारतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"गार पडते म्हनून लिहिलं होतं, ते?"

"ते मी लिहिलं," मी म्हणालो.

आतल्या बायकांना आवाज जाऊ नये म्हणून त्यांनी दार ओढून घेतलं. उंबऱ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, उद्या पहिल्या मोटारीने आपण दोघं जायचं.

शिबिर कधीच उठलं होतं. अजिंठ्याच्या अलीकडच्या एका गावात ते चालवणारे शाळामास्तर भेटले. वसंताचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मेघराज म्हटल्याबरोबर ते उठून उभे राहिले. त्याच्या घरच्यांना फार शोधलं, म्हणाले. वसंताने सरहद्द ओलांडलीच नव्हती. तिसऱ्या आठवड्यात तापाने पडला आणि नवव्या दिवशी गेला. गाव विचारलं तर तापातही खंडवा सांगत राहिला. खंडव्याला पाठवलेलं पत्र पत्ता नाही म्हणून परत आलं. शेवटी त्यांनीच ओढ्याकाठी त्याला अग्नी दिला. मावशींनी विचारलं, जवळ कोण होतं. मास्तर म्हणाले, आम्ही पाळीपाळीने बसत होतो. आईला हाक मारायचा, पण आम्हाला वाटलं आई खंडव्याला आहे. मी मनात दिवस मोजले. त्याच आठवड्यात मी मावशींना दुसरं कार्ड वाचून दाखवत होतो.

परतीच्या मोटारीत मी त्यांची माफी मागितली. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. तशाच म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तं ताप यायच्या आधी पोचली असती मी." हे खरं होतं.

तिसरा मेघराज पुढे वर्षभराने आला. दोन मेघराज होते, पाणबुडी होती, थिएटर आठ आठवडे भरून गेलं. मावशी तोवर फोपनारला बहिणीकडे राहायला गेल्या होत्या आणि त्यांच्या जागी दुसऱ्या बाई आल्या होत्या. मी तो पाहिला नाही. काही दिवसांनी ती नोकरीही सोडली. मावशी फोपनारलाच वारल्या, तेही मला महिन्याने कळलं. लोक त्यांची आठवण काढतात ती त्या दारातली. मला मात्र त्या दिसतात त्या आमच्या नदीवरच्या राजघाटावर.

अजिंठ्याहून आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी तिथे वसंताचे दिवस घातले. फोपनारहून बहीण आणि तिचा नवरा आले होते. मी लांब वरच्या पायरीवर उभा होतो. मला कोणी बोलावलेलं नव्हतं, पण घरी बसवेना. क्रिया सांगणाऱ्या महाराजांनी गेलेल्याचं नाव आणि गोत्र विचारलं. मावशींनी वसंताचं नाव सांगितलं. मग मागे वळून मला हाताने खाली बोलावलं.

"तिकडे ज्या नावानं जाळलं, ते बी सांग," त्या म्हणाल्या.

मी मेघराज म्हणालो. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा एकदा म्हणालो.

महाराज आमच्या थिएटरात नेहमी येणारे. त्यांनी चमकून आधी माझ्याकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि काही न विचारता दोन्ही नावं घेतली. पाणी सोडायला बहिणीचा नवरा पुढे झाला. मावशींनी त्याचा दंड धरला.

"याले सोडू द्या," त्या म्हणाल्या. "वसंतानं जातानी यालेच सांगितलं होतं."

महाराजांनी माझ्या ओंजळीत तीळ घातले आणि मी पाण्यात उतरलो.